रेव्हचा पत्ता

‘रेव्ह पार्टी’ हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो मार्च २००७ मध्ये, तिसरीत असताना. पेपरच्या पहिल्या पानावर फोटो होता, रुमाल-ओढण्यांनी तोंडं झाकलेली पोरंपोरी आणि आजूबाजूला पोलीस. आईला विचारलं तर ती म्हणाली, "वाया गेलेल्या पोरांची पार्टी असते ती. तू पान उलट." ही व्याख्या मला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षापर्यंत आरामात पुरली. मग दोन वर्षांपूर्वी मित्रांबरोबर अशा एका पार्टीला पहिल्यांदाच जाऊन आलो, आणि तीही लांब कुठे नाही, बदलापूरच्या पुढे, आपल्याच लाईनवर. त्या रात्रीबद्दल खाली सांगतोच. पण तेव्हापासून हे प्रकरण मुळात आलं कुठून, हे शोधायचा नाद लागला. तीन-चार वीकान्त त्यात गेले. त्यातून जे हाती लागलं ते मंडळी तुमच्यासमोर ठेवतोय.

सुरुवात एका फसलेल्या यंत्रापासून. रोलँड या जपानी कंपनीने १९८१ साली टीबी-३०३ नावाचं एक छोटं खोकं बाजारात आणलं. एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला मागे बास गिटारची साथ मिळावी, एवढाच साधा हेतू. पण आवाज काही केल्या बास गिटारसारखा येईना, आणि प्रोग्राम करायची पद्धत एवढी किचकट की वाजवणारे वैतागले. १९८४ पर्यंत उत्पादन बंद. मग ही खोकी सेकंडहँडच्या दुकानात पडेल भावाने जाऊ लागली. शिकागोमधल्या फ्यूचर नावाच्या ग्रुपच्या पोरांनी त्यातलं एक उचललं, बटणं वाटेल तशी पिरगाळली, आणि १९८७ मध्ये जो किंचाळणारा, चिकट आवाज रेकॉर्डवर आला त्याला पुढे ‘ॲसिड हाऊस’ म्हणू लागले. मॅन्युअल न वाचण्याचे फायदे असे असतात. (हे आमच्या टीम लीडला कोणीतरी सांगा.)

आता खरी गंमत. हाच टीबी-३०३ आणि त्याच कंपनीचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन वापरून मुंबईत १९८२ सालीच एक रेकॉर्ड निघाली होती. वाजवणारे चरणजीत सिंग, हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रांमध्ये वाजवणारे कलाकार. रेकॉर्डचं नाव ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. भैरव, ललित, यमन वगैरे दहा राग, खाली न थांबणारा डिस्को ठेका. ऐकून बघा, अंगावर काटा येतो. शिकागोच्या पाच वर्षं आधी जवळपास तोच आवाज मुंबईत निघाला होता, आणि त्यावर कोणी नाचलं नाही! रेकॉर्ड खपली नाही, विसरली गेली. २००२ मध्ये एका डच संग्राहकाच्या हाती ती लागली आणि २०१० मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा सिंगसाहेब सत्तरीच्या घरात होते. २०१५ मध्ये ते गेले. मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. यंत्र होतं, सूर होता, ठेका होता, पण त्याभोवती रात्रभर जमणारी माणसं नव्हती. म्हणजे नुसत्या संगीताने रेव्ह होत नाही.

माणसं जमली ती इंग्लंडात. १९८७ च्या उन्हाळ्यात इबिझा बेटावर सुट्टीला गेलेल्या काही डीजेंनी हे संगीत लंडनला आणलं, सोबत एक्स्टसीची (एमडीएमए) गोळीही आली, आणि १९८८ च्या उन्हाळ्यात तिकडची तरुण पोरं अक्षरशः वेडी झाली. क्लब लवकर बंद व्हायचे, म्हणून लोक रिकाम्या गोदामांत आणि शेतांत जाऊ लागले. लंडनला वळसा घालणारा एम-२५ हा रिंग रोड १९८६ मध्येच पुरा झाला होता. आयोजकांची युक्ती अशी की तिकिटावर पत्ता द्यायचाच नाही, फक्त एक फोन नंबर द्यायचा. रात्री उशिरा त्या नंबरवर फोन लावला की रेकॉर्ड केलेला आवाज सांगणार, अमुक एक्झिटला बाहेर पडा, तमुक पेट्रोल पंपाकडे या. पोलिसांना कळेपर्यंत हजारो माणसं पोचलेली असायची, आणि एवढ्यांना हाकलणं हे नाचू देण्यापेक्षा जास्त धोक्याचं. आपल्या भाषेत सांगायचं तर पत्ता हाच पासवर्ड, आणि तो शेवटच्या क्षणी जनरेट व्हायचा.

मे १९९२ मध्ये कॅसलमॉर्टन या गावाच्या माळावर किमान वीस हजार माणसं जमली आणि आठवडाभर हललीच नाहीत. सरकार हादरलं. १९९४ मध्ये कायदा आला आणि त्यात पोलिसांनी बंद पाडायच्या संगीताची व्याख्याच केली: ज्यात प्रामुख्याने एकामागून एक तेच ते ठोके येतात ते. कायद्याच्या पुस्तकात ठेक्याची व्याख्या! ऑटेकर नावाच्या जोडीने लगेच एक गाणं काढलं, ज्याचे कुठलेही दोन बार सारखे नाहीत, म्हणजे कायद्याने ते वाजवायला हरकत नाही. असा बग शोधणाऱ्याला मी तरी सलाम करतो.

आपल्याकडे मात्र हे लंडनहून आलेलं नाही. गोव्यात त्याचं दुसरं मूळ आधीच रुजलं होतं. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि त्या दशकाच्या शेवटी हिप्पी येऊ लागले. आठ बोटांचा एडी (खरं नाव यर्टवर्ड मझमानियन, आर्मेनियन वंशाचा अमेरिकन) हा त्यातला म्होरक्या. हणजूणचा, म्हणजे आपण ज्याला अंजुना म्हणतो तिथला, बुधवारचा बाजार ज्यांनी सुरू केला त्यांत त्याचं नाव घेतात. सॅन फ्रान्सिस्कोहून आलेला गोवा गिल १९७० च्या आसपास पोचला. (तो २०२३ मध्ये गोव्यातच वारला.) सुरुवातीला किनाऱ्यावर गिटार, ड्रम असा रॉक चालायचा. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला त्याची जागा कॅसेटवरच्या इलेक्ट्रॉनिक संगीताने घेतली. गोव्याच्या उन्हात आणि धुळीत तबकड्या वाकायच्या, म्हणून कॅसेट, आणि नंतर डॅट टेप. टेपचा वेग तबकडीसारखा हाताने कमीजास्त करता येत नाही, म्हणून एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना ठेके जुळवणं मुश्कील. मग गाणीच अशी बनू लागली की सुरुवातीला आणि शेवटी मिनिटभर ठेकाच नाही, नुसते तरंगणारे सूर. गोवा ट्रान्सची जी ओळख मानतात ती अशी हार्डवेअरच्या अडचणीतून आली.

पण मला गोव्याच्या गोष्टीत संगीतापेक्षा चटया जास्त आवडल्या. पार्टीच्या कडेला गावातल्या बायका चटया अंथरून बसायच्या. रॉकेलचा दिवा, स्टोव्ह, चहा, ऑम्लेट-पाव. नाचून दमलेला परदेशी तिथे येऊन आडवा व्हायचा, आणि सकाळी सूर्य वर आला तरी मावशींचा चहा चालू. तिकीट नव्हतं, फाटक नव्हतं. पौर्णिमा आणि वागातोर-हणजूणचा किनारा, एवढा पत्ता सगळ्यांना ठाऊक. अमली पदार्थ तिथे होते का? भरपूर होते, उगाच सोवळं नेसवण्यात अर्थ नाही. गावकऱ्यांना त्रास झाला, तक्रारी झाल्या, पोरं बिघडली, हेही खरं. तरी कोणी कोसळलं तर दहा पावलांवर एक शुद्धीत असलेली बाई बसलेली होती, जिला आपण कोणत्या गावात आहोत आणि डॉक्टर कुठे राहतो हे माहीत होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा.

मग दोन कायदे. पहिला १९८५ चा एनडीपीएस. त्याआधी गांजा सरकारी परवान्याच्या दुकानात मिळायचा, हे आज कोणाला सांगितलं तर पटत नाही. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने दिलेली मुदत संपत आली, आणि एका फटक्यात गांजा-चरस गुन्हा झाला. दुसरा म्हणजे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम: रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर नाही, आणि काही ठराविक दिवसच राज्य सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं. (ते दिवस गणपती-नवरात्रात कसे वाटले जातात हे कल्याणच्या पुढे राहणाऱ्यांना मी सांगायची गरज नाही.) दहा वाजता संपणारी रेव्ह म्हणजे सकाळी नऊला सुरू होणारी कोजागिरी. त्यामुळे किनाऱ्यावरची पार्टी भिंतीआड, शेतात, डोंगरात सरकली. तिकीट आलं, फाटक आलं, आणि इंग्लंडातली ती पत्ता लपवायची रीतही आली. चटईवाल्या मावशी मागेच राहिल्या.

आता परत मार्च २००७. ३ तारखेची रात्र, होळी पौर्णिमा. पहाटे खग्रास चंद्रग्रहणही होतं. पुण्याजवळ सिंहगडाच्या पायथ्याला डोणजे गावात पार्टी चालू होती. निमंत्रणं इंटरनेटवरून फिरलेली. पुणे ग्रामीणचे तेव्हाचे पोलीस अधीक्षक विश्वास नांगरे पाटील यांच्या पथकाने छापा घातला आणि सुमारे २८० जणांना ताब्यात घेतलं, त्यात २९ मुली. बरेचसे विद्यार्थी, बाकी आयटी आणि कॉलसेंटरवाले, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखेच. चरस, गांजा सापडला. महाराष्ट्राच्या घराघरात ‘रेव्ह’ हा शब्द पोचला तो त्या दिवशी, आणि तो छाप्यासकटच पोचला. म्हणून मराठीत त्याचा अर्थ पहिल्यापासून गुन्हा असाच आहे. आईची काही चूक नव्हती. (होळीलाच घोटली जाणारी भांग मात्र एनडीपीएसच्या व्याख्येत बसत नाही. असो.)

त्याच वर्षी डिसेंबरात गोव्यात कांदोळीला ‘सनबर्न’ महोत्सव सुरू झाला. तसंच ठेक्याचं संगीत, पण परवाना, प्रायोजकांचे फलक आणि रीतसर तिकीट. २०१६ मध्ये तो पुण्याजवळ केसनंदला आला, सिंहगडापासून फार लांब नाही. पैसेवाल्या पार्टीला परवाना मिळाला आणि बाकीच्या लपल्या, असा माझा सरळ निष्कर्ष आहे. कोणाला तो डावा वाटला तर वाटो.

लपलेल्यांपैकी एक आपल्या लाईनला अगदी जवळ निघाली. जून २०११, खालापूरजवळचं एक रिसॉर्ट. बदलापूरहून कर्जत, कर्जतहून खोपोली, तिथून पलीकडे. रायगड पोलिसांनी तीनशेच्या आसपास तरुण पकडले, आणि त्या प्रकरणात मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी कक्षातला एक निरीक्षकही अटकेत गेला. २०१५ च्या फेब्रुवारीत मेफेड्रोन, म्हणजे पोरं ज्याला ‘एमडी’ म्हणतात ते, एनडीपीएसच्या यादीत आलं. तोपर्यंत ते बंदीच्या बाहेर होतं. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे ठाण्यात घोडबंदर रोडला कासारवडवलीजवळ छापा पडला, शंभरेक जण ताब्यात, निमंत्रण सोशल मीडियावरून. फोन लाईन, ऑर्कुट, इन्स्टा. प्रोटोकॉल बदलत गेला, पॅकेट तेच.

इथे कोणीतरी नेहमीचा मुद्दा काढतो, की आपल्याकडेही रात्रभर नाचायची परंपरा आहेच की, जागरण, गोंधळ, जत्रा. हा युक्तिवाद मी स्वतः हॉस्टेलवर छाती ठोकून केलाय. अर्धा बरोबर आहे. अंबरनाथ-उल्हासनगरातून मलंगगड दिसतो, तिथली जत्राही माघी पौर्णिमेची, माणसं रात्री गड चढतात, ढोल असतो, बेभान होणारे असतात. अंबरनाथच्या शिवमंदिरात (शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६०) महाशिवरात्रीला रात्रभर रांग असते. पण जत्रेला जाताना पोरगा कुठे गेलाय हे घरी माहीत असतं. आजी सोबत असते. पोलीस असतात, तेही बंदोबस्ताला, पकडायला नाही. हरवलेल्याचं नाव लाऊडस्पीकरवर पुकारतात. रेव्ह चालते ती पत्ता कोणालाच माहीत नसण्यावर.

तर आमची रात्र. डिसेंबर होता. आम्ही चौघे, सगळे इंजिनीअरिंगचे मित्र, दोघे बदलापूरचे, एक अंबरनाथचा, एक उल्हासनगर कॅम्प चारचा. कॅम्प चारवाल्याकडे त्याच्या काकांची गाडी. दीड हजार रुपये आधी भरलेले. साडेनऊला व्हॉट्सॲपवर लोकेशन आलं, ते एका बंद ढाब्याचं. तिथे बाईकवर एक पोरगा, त्याच्या मागे मागे कच्च्या रस्त्याने पाऊण तास. एक फार्महाऊस, मागे शेत, बहुतेक उल्हास नदी जवळ असावी, कारण गारठा तसा होता. फाटकावर मोबाईलच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावला.

खरं सांगू? संगीत सुरेख होतं. पहिला तासभर आम्ही चौघे लग्नात उभे राहतात तसे हाताची घडी घालून उभे. मग कधी हलायला लागलो कळलंच नाही. ठेका मिनिटाला १४५ च्या आसपास, दोनशे माणसं, आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. आठवडाभर स्टँडअप मीटिंगमध्ये उभ्या राहिलेल्या शरीराला हे किती हवं होतं ते तेव्हा कळलं. आम्ही काही घेतलं नाही, पण भोवती घेतलं जात होतं हे उघड होतं. पाण्याची बाटली शंभर रुपयांना.

अडीचच्या सुमारास एक पोरगा पडला. वीस-एकविसाचा असेल. अंग तव्यासारखं, जबडा घट्ट, डोळे वर. कोणी म्हणालं लिंबूपाणी द्या, कोणी म्हणालं झोपू द्या. एमडीएमएने शरीराचं तापमान वाढतं आणि नाचणाऱ्याला ते जाणवत नाही. त्यात नुसतं पाणी प्रमाणाबाहेर प्यायलं तर रक्तातलं मीठ उतरून वेगळाच धोका. हे मी नंतर वाचलं. तेव्हा फक्त एवढं दिसत होतं की याला डॉक्टर हवा. मी १०८ लावायला फोन काढला तर आयोजकांपैकी एकाने मनगट धरलं. "भाई, ॲम्ब्युलन्स नको. तिच्या मागून पोलीस येतात. घेऊन जायचं तर तुम्ही घेऊन जा." त्याच्यासोबत आलेले दोघे कधीच पसार झाले होते. आणि १०८ ला सांगणार तरी काय होतो? आम्ही कुठे आहोत हे आमच्यातल्या कोणालाच सांगता आलं नसतं.

आम्ही चौघांनी त्याला गाडीत घातलं. खिडक्या उघड्या, ओला टॉवेल डोक्यावर. अंधारात दोनदा रस्ता चुकलो. बदलापूरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा सव्वाचार. ड्युटीवरच्या डॉक्टर बाईंनी पहिला प्रश्न विचारला, काय घेतलं होतं, आणि किती वाजता? आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी बर्फ मागवला, सलाईन लावलं, आणि आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. सहा वाजता त्याचे वडील उल्हासनगरहून आले. पायात घरातली स्लीपर. त्यांनी आमच्याकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "तुम्ही याचे मित्र का?" कॅम्प चारवाला म्हणाला, "नाही अंकल, आम्ही फक्त आणलं." मग ते आमच्या शेजारीच बाकावर बसले. काही बोलले नाहीत. दहाच्या सुमारास पोरगा शुद्धीवर आला.

या सगळ्यानंतर मी कायद्याकडे वळलो, कारण ते मनगट धरणं डोक्यातून जाईना. तो माणूस स्वार्थी होता, पण त्याचं गणित चुकीचं नव्हतं. एनडीपीएसच्या कलम २७ प्रमाणे नुसतं सेवन हाही गुन्हा आहे, पदार्थाप्रमाणे सहा महिने ते एक वर्षापर्यंत कैद. एमडीएमएची ‘अल्प मात्रा’ अर्धा ग्रॅम. त्याच्या वर सापडलं की प्रकरण पुढच्या पायरीवर. म्हणजे दोनशे माणसांच्या जागी ॲम्ब्युलन्स बोलावली की दोनशे संशयित. इंग्लंडात नव्वदच्या दशकात निदान मँचेस्टरसारख्या शहरांनी क्लबांना सांगितलं की थंड पाणी फुकट ठेवा, बसायला हवेशीर खोली ठेवा, प्रथमोपचार ठेवा. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्याने २००७ मध्ये, म्हणजे आपल्या सिंहगडाच्याच वर्षी, कायदा केला की अमली पदार्थाने कोसळलेल्यासाठी मदत मागणाऱ्यावर जवळ बाळगल्याचा खटला नाही. पुढे तिथल्या बहुतेक राज्यांनी तो उचलला, २०१७ मध्ये कॅनडाने.

आपल्याकडे कलम ६४अ आहे. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला तर त्याला खटल्यातून सूट. चांगलं कलम आहे, पण ते त्याच्यापुरतं. कोसळलेल्याला उचलून आणणाऱ्याबद्दल त्यात एक शब्द नाही. मोटार वाहन कायद्यात मात्र २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ घातलं, अपघातातल्या माणसाला दवाखान्यात पोचवणाऱ्याला संरक्षण मिळावं म्हणून. तो पोरगा कर्जत रोडला गाडीखाली आला असता तर आम्हा चौघांसाठी कलम तयार होतं.

ते फार्महाऊस मला मागच्या महिन्यात मॅपवर सापडलं. ढाब्यापासून फक्त सहा किलोमीटर आहे, बाईकवाल्याने उगाच फिरवलं होतं. आता हळदीच्या कार्यक्रमांना भाड्याने देतात, पार्किंगची सोय आहे, आणि खाली नंबरही दिलाय.